कॉर्डलेस यंत्रे आणि बॅटऱ्या : चांगला सौदा नेमका कसा ओळखावा?

पटाशी (धागालेखक)

कॉर्डलेस ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू पिळणारे यंत्र) किंवा ग्राइंडर घ्यायचा विचार मनात आला, की आपली नजर आधी यंत्राच्या किमतीवर जाते आणि शेजारी छापलेल्या सवलतीच्या टक्क्यांवर स्थिरावते. मी स्वतः बरीच वर्षे अशीच खरेदी केली. प्रत्येक वेळी जे स्वस्त दिसले ते घेत गेलो आणि काही वर्षांनी माझ्याकडे तीन कंपन्यांची चार यंत्रे, एकमेकांना न बसणाऱ्या तीन तऱ्हांच्या बॅटऱ्या आणि तीन चार्जर जमा झाले. त्यांपैकी एका यंत्राची बॅटरी निकामी झाली तेव्हा कळले, की तसली नवी बॅटरी आता मिळतच नाही. यंत्राची मोटर, गिअर आणि चक उत्तम स्थितीत आहेत, पण ते यंत्र तेव्हापासून खोक्यात पडून आहे. त्या अनुभवानंतर मी खरेदीकडे उलट्या बाजूने पाहू लागलो, म्हणजे आधी बॅटरी आणि मग यंत्र. तो हिशेब इथे सविस्तर मांडतो आहे. जाणकारांनी त्यात भर घालावी आणि चुकले असेल तिथे दुरुस्ती करावी. (या धाग्यात ‘सेल’ हा शब्द मी बॅटरीच्या आतल्या घटकासाठीच वापरणार आहे, भावातल्या कपातीला सवलत म्हणेन.)

पहिली गोष्ट व्होल्टच्या आकड्याची. लिथियम-आयन सेलचा सर्वसाधारण विद्युतदाब (पुढे नुसता ‘दाब’) ३.६ व्होल्ट असतो आणि पूर्ण भरल्यावर तो सुमारे ४.२ व्होल्टपर्यंत जातो. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्टची बॅटरी होते. हीच बॅटरी नुकतीच भरलेली असताना २० व्होल्टच्या वर दाखवते, म्हणून काही बाजारांत तिच्यावर ‘२० व्होल्ट मॅक्स’ असे छापतात. डीवॉल्टची अमेरिकेतली २० व्होल्ट मॅक्स मालिका आणि युरोपातली १८ व्होल्ट एक्सआर मालिका यांच्या बॅटरीत सेल तेवढेच, म्हणजे पाच असतात. तीन सेलची बॅटरी १०.८ व्होल्टची, आणि तिच्यावर ‘१२ व्होल्ट’ छापलेले असते. तेव्हा १८ आणि २० यांची तुलना करून २० वाल्याला जास्त पैसे मोजण्यात काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट वॅट-तासांची. बॅटरीत प्रत्यक्षात किती ऊर्जा मावते, हे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांच्या गुणाकारावरून कळते. १८ व्होल्ट आणि १.५ अँपिअर-तास म्हणजे २७ वॅट-तास. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॅट-तास. आता दोन संचांची तुलना करून पाहू. समजा एकच ड्रिल बॅटरीविना ५५ एककांना मिळते. पहिल्या संचात तेच ड्रिल, चार्जर आणि १.५ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या असून त्याची किंमत १०० आहे. दुसऱ्या संचात तेच ड्रिल, तसाच चार्जर आणि ५ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या असून त्याची किंमत १३० आहे. पहिला संच स्वस्त दिसतो. पण यंत्राचे ५५ वजा केले तर पहिल्यात ५४ वॅट-तासांसाठी ४५ मोजावे लागतात आणि दुसऱ्यात १८० वॅट-तासांसाठी ७५. म्हणजे पहिल्यात दर वॅट-तासाला सुमारे ०.८३ पडतात, तर दुसऱ्यात सुमारे ०.४२, जवळजवळ निम्मे. कुठलीही सवलत समोर आली की मी आधी ही वजाबाकी करतो, आणि बहुतेक वेळा मोठ्या अक्षरांत छापलेला टक्का आणि हा निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बॅटरीची प्रणाली किती टिकाऊ आहे आणि तिच्यावर कोणकोणती यंत्रे चालतात. रायोबीची १८ व्होल्टची वन प्लस प्रणाली १९९६ साली निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांवर सुरू झाली, आणि तिच्या जोडणीचा आकार तेव्हापासून तोच ठेवल्यामुळे त्या काळची यंत्रे आजच्या लिथियम बॅटरीवरही चालतात. मकिताची १८ व्होल्टची एलएक्सटी प्रणाली २००५ पासून आहे. याउलट एकाच कंपनीच्या दोन प्रणाली परस्परांना चालत नाहीत अशीही उदाहरणे आहेत. बॉशची हिरव्या रंगाची घरगुती १८ व्होल्ट यंत्रे आणि निळ्या रंगाची व्यावसायिक १८ व्होल्ट यंत्रे यांच्या बॅटऱ्या वेगळ्या आहेत. मकिताची ४० व्होल्ट मॅक्स एक्सजीटी यंत्रे एलएक्सटीच्या बॅटरीवर चालत नाहीत. एलएक्सटी बॅटरी एक्सजीटीच्या चार्जरवर भरण्यासाठी जोडतुकडा मिळतो, पण त्याचा उपयोग चार्जिंगपुरताच. केवळ कंपनीचे नाव पाहून ‘माझ्याकडे याची बॅटरी आहेच’ असे समजून नुसते यंत्र मागवणाऱ्याची इथे फसगत होते.

नवखा_हात

धागा अगदी वेळेवर आला. मला घरातल्याच कामांसाठी यंत्र घ्यायचे आहे: फळ्या बसवणे, दाराच्या बिजागऱ्या घट्ट करणे, कपाटे जोडणे आणि क्वचित काँक्रीटच्या भिंतीत भोक पाडणे. मला १८ व्होल्ट घ्यावे की १२, हा निर्णय होत नाही. शिवाय ‘८८ व्होल्ट, १५००० मिली-अँपिअर-तास’ अशी जाहिरात असलेला एक संच नामांकित कंपनीच्या साध्या ड्रिलपेक्षाही स्वस्तात दिसतो आहे. त्यात दोन बॅटऱ्या आहेत. त्या आकड्यांवर विश्वास ठेवावा का?

सोल्डर

विश्वास ठेवू नका. असे का म्हणतो ते सांगतो, कारण हा हिशेब एकदा समजला की पुन्हा कोणाला विचारण्याची गरज राहत नाही.

या बॅटऱ्यांत प्रामुख्याने दोन आकारांचे दंडगोल सेल असतात. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, वजन सुमारे ४५ ते ५० ग्रॅम. २१७०० म्हणजे २१ मिलिमीटर व्यास आणि ७० मिलिमीटर लांबी, वजन सुमारे ७० ग्रॅम. १८६५० आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता ३ अँपिअर-तासांच्या आसपास धरली, तर एका सेलमध्ये १०.८ वॅट-तास मावतात. आता जाहिरातीतले आकडे गुणून पाहा. ८८ व्होल्ट आणि १५ अँपिअर-तास म्हणजे १३२० वॅट-तास. त्यासाठी असे सुमारे १२२ सेल लागतील आणि नुसत्या सेलचे वजन साडेपाच किलोच्या वर जाईल. हातात धरायच्या ड्रिलच्या मुठीला असली बॅटरी लागूच शकत नाही. तो ‘८८’ हा आकडा व्होल्टचा नसून मालिकेचे नाव आहे, असा युक्तिवाद विक्रेत्याने केला आणि बॅटरी पाच सेलांच्या ओळींचीच धरली, तरी १८ व्होल्टला १५ अँपिअर-तास म्हणजे २७० वॅट-तास होतात. त्यालाही २५ सेल हवेत, म्हणजे कवच सोडून सव्वा किलोच्या जवळपास वजन.

म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा हे माझे पहिले साधन आहे. पाच १८६५० सेलांचे वजन २२५ ते २५० ग्रॅम, दहांचे (म्हणजे पाचांच्या दोन समांतर ओळींचे) ४५० ते ५००. त्यात प्लॅस्टिकचे कवच, निकेलच्या पट्ट्या आणि सर्किट यांची भर पडते. ‘५ अँपिअर-तास’ असे छापलेल्या बॅटरीचे एकूण वजन ४०० ग्रॅमसुद्धा भरत नसेल, तर आत दहा सेल नाहीत. २१७०० आकाराचे ५ अँपिअर-तासांचे सेल अस्तित्वात आहेत हे खरे, आणि तसले पाच सेल घातले तर क्षमता भरते, पण ते महाग असतात. अगदी स्वस्त बॅटरीत ते सापडतील अशी अपेक्षा ठेवू नये. दुसरे साधन मल्टिमीटर. पूर्ण भरलेल्या बॅटरीच्या धन आणि ऋण टोकांवर २१ व्होल्टच्या आसपास आकडा आला, तर कवचावर काहीही छापलेले असो, आत पाच सेलांचीच ओळ आहे.

रंधा

मी सुतारकामावर पोट भरतो, त्यामुळे माझे उत्तर रोजच्या वापरातले आहे.

नवखा_हात, तुम्ही सांगितलेल्या कामांपैकी भिंतीचे काम सोडले तर बाकी सगळे १२ व्होल्टचे चांगले यंत्र आरामात करते. कपाटाच्या आत हात घालून बिजागरी बसवताना त्याचा हलकेपणा किती मोलाचा असतो हे एकदा वापरल्याशिवाय कळत नाही. काँक्रीटचे म्हणाल, तर हॅमरची सोय असलेले साधे ड्रिल तिथे फार कष्टाने चालते, कारण त्यातला ठोका दातेरी चकत्या एकमेकींवर घासून निर्माण होतो. एसडीएस-प्लस पकड असलेल्या रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबाने ढकललेला दट्ट्या ठोके देतो आणि तेच भोक थोड्या वेळात, फारसा जोर न लावता पडते. वर्षातून चार भोके पाडायची असतील तर तारेचे रोटरी हॅमर कोणाकडून मागून आणा किंवा भाड्याने घ्या. त्या चार भोकांसाठी १८ व्होल्टचा मोठा संच घेणे मला पटत नाही.

पटाशी यांच्या वॅट-तासांच्या हिशेबात मला एक भर घालावीशी वाटते. मोठ्या बॅटरीमुळे काम जास्त वेळ चालते, एवढाच तिचा फायदा नाही. यंत्राची ताकदही वाढते. ग्राइंडर किंवा वर्तुळाकार करवत जोरात चालताना समजा ३० अँपिअर विद्युतप्रवाह ओढते. पाच सेलांच्या एकेरी ओळीत तो सगळा प्रवाह प्रत्येक सेलमधून जातो. दुहेरी ओळ असेल तर प्रत्येक सेलच्या वाट्याला १५ अँपिअर येतात, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे प्रत्येक सेलमधली उष्णता चौथाईवर येते. एकेरी बॅटरीवर करवत लावली की दाब खाली बसतो, पाते अडते, यंत्र बंद पडते आणि माणूस यंत्राला दोष देतो. म्हणून ज्या संचात ग्राइंडर किंवा करवत आहे आणि सोबत फक्त २ अँपिअर-तासांच्या बॅटऱ्या दिल्या आहेत, तो संच कितीही स्वस्त असला तरी अपुरा समजावा. ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या संचात मात्र लहान बॅटऱ्या चालतात. उलट त्यांनी मनगट कमी दुखते.

आणखी एक. एका जागी ठेवून चालवायची यंत्रे, म्हणजे टेबल सॉ, धूळ ओढणारा मोठा व्हॅक्यूम किंवा दिवसभर चालणारा सँडर, ही बॅटरीवर घेण्याचा मोह मी टाळतो. जिथे प्लग पोचतो तिथे तारेचे यंत्र कमी किमतीत जास्त काम देते आणि त्याला दर काही वर्षांनी नवी बॅटरी लागत नाही.

हिशोबी

उत्तम चर्चा चालली आहे. मी सवलतींच्या रचनेविषयी लिहितो, कारण ‘अमुक घेतल्यास बॅटरी मोफत’ या प्रकारात लोक सर्वाधिक गोंधळतात.

बॅटरी मोफत देण्यामागे उत्पादकाचा साधा विचार असतो. एकदा ग्राहकाकडे त्यांच्या प्रणालीच्या दोन-तीन बॅटऱ्या आल्या, की पुढची सगळी यंत्रे तो बहुधा त्याच प्रणालीची घेतो. हे गैर नाही, आणि आपण ती प्रणाली आधीच जाणीवपूर्वक निवडलेली असेल तर अशा सवलतीचा पुरेपूर लाभ घ्यावा. किंबहुना सुट्या बॅटरीची किंमत इतकी जास्त असते, की दोन मोठ्या बॅटऱ्या आणि चार्जरच्या संचासोबत यंत्र मोफत मिळत असेल, तर बॅटरी मिळवण्याचा स्वस्त मार्ग बहुधा तोच ठरतो. पण प्रणाली नवी असेल, तर मोफत मिळालेली पहिली बॅटरी पुढच्या दहा वर्षांची खरेदी ठरवते हे ध्यानात असू द्यावे.

भाव उतरण्याची माझ्या अनुभवातली सर्वांत भरवशाची वेळ म्हणजे एखाद्या यंत्राची नवी पिढी बाजारात येते ती. जुन्या पिढीचे ब्रशलेस ड्रिल नवी पिढी आल्यावर दुय्यम होत नाही. नव्यात टॉर्क (फिरवण्याचा जोर) थोडा वाढतो, लांबी काही मिलिमीटरने कमी होते, कधी दिवा सुधारतो. बॅटरी मात्र तीच चालते. ब्रशवाल्या आणि ब्रशलेस यंत्रांतला फरक मात्र खरा मोठा आहे. ब्रशवाल्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश घासून झिजतात आणि घर्षणात ऊर्जाही जाते, त्यामुळे त्याच बॅटरीवर ब्रशलेस यंत्र जास्त काम करते. म्हणून नव्या पिढीचे ब्रशवाले यंत्र घेण्यापेक्षा मागच्या पिढीचे ब्रशलेस घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मॉडेल क्रमांकाच्या शेवटची अक्षरे वाचायची सवय लावावी. मकिताच्या क्रमांकाअखेर ‘झेड’ असेल तर ते नुसते यंत्र, बॅटरी आणि चार्जर नाही. डीवॉल्टच्या युरोपातल्या क्रमांकात ‘एन’ आणि अमेरिकेतल्या क्रमांकात ‘बी’ हेच सांगतात. मिलवॉकीच्या अमेरिकेतल्या क्रमांकाअखेर ‘२०’ म्हणजे नुसते यंत्र आणि ‘२२’ म्हणजे दोन बॅटऱ्यांसह. चित्रात बॅटरी लावलेली दिसते, वर्णनात ती नसते, आणि पेटी उघडल्यावर निराशा होते. तसेच किमतीची तुलना करताना क्रमांकाचा मधला भाग तोच आहे का हेही पाहावे. दिसायला अगदी सारखी, पण आतून ब्रशवाली आणि कमी टॉर्कची यंत्रे त्याच रंगात आणि त्याच कवचात विकली जातात.

जुने_गिरमिट

माझ्याकडे १८ व्होल्टचे निकेल-कॅडमियमवाले जुने ड्रिल आहे. यंत्र अजून ठणठणीत आहे, बॅटरी मात्र पाच मिनिटांत उतरते. कुठेतरी जुन्या साठ्यातली तशीच बॅटरी सवलतीत दिसते आहे. घ्यावी का?

सोल्डर

घेऊ नये. निकेल-कॅडमियम सेल १.२ व्होल्टचा असतो, म्हणून १८ व्होल्टसाठी असे १५ सेल लागतात, आणि त्यांतला एक जरी खचला तरी सगळी बॅटरी लंगडी होते. कॅडमियम विषारी असल्यामुळे युरोपीय संघाने २०१६ अखेरपासून कॉर्डलेस यंत्रांसाठी अशा बॅटऱ्या बाजारात आणायला बंदी घातली. आज जो साठा दिसतो तो बहुधा बराच जुना असणार. तुमच्या यंत्राच्या उत्पादकाने त्याच आकाराची लिथियम बॅटरी काढली असेल तर तिच्या चार्जरसह तिचा विचार करावा, अन्यथा नवे यंत्र घ्यावे. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता बॅटऱ्यांच्या पुनर्वापरासाठी संकलन होते तिथे द्यावी, आणि देण्यापूर्वी तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी.

पटाशी (धागालेखक)

जुन्या साठ्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. लिथियम बॅटरी वापरली नाही तरी जुनी होत जाते. पूर्ण भरून गरम जागी ठेवलेली बॅटरी जास्त लवकर क्षमता गमावते. अर्धवट भरून थंड, कोरड्या जागी ठेवलेली बऱ्यापैकी टिकते. म्हणून सवलतीत बॅटरी घेताना तिच्यावरची उत्पादनाची तारीख मी आवर्जून पाहतो. ती कवचावर छापलेली किंवा उठवलेली असते, कधी सांकेतिक अंकांत असते. तीन-चार वर्षे फडताळावर राहिलेली बॅटरी ‘नवी’ म्हणून पूर्ण भावात घेऊ नये.

यातूनच दुसरी गोष्ट येते. सवलत आहे म्हणून गरजेपेक्षा दुप्पट बॅटऱ्या घेऊन ठेवणे मला योग्य वाटत नाही. एका माणसाच्या कामाला दोन मोठ्या आणि एक-दोन लहान बॅटऱ्या पुरतात, कारण एक वापरात असताना दुसरी भरत असते. जास्तीच्या बॅटऱ्या नुसत्या पडून वृद्ध होतात. त्यापेक्षा ते पैसे राखून ठेवावेत आणि तीन वर्षांनी ताज्या सेलांची बॅटरी घ्यावी.

बनावट बॅटऱ्यांविषयी माझा एक अनुभव सांगणे गरजेचे आहे. मी एकदा मूळ बॅटरीसारख्याच दिसणाऱ्या, पण कोणत्याही नावाविना विकल्या जाणाऱ्या दोन बॅटऱ्या घेतल्या. पहिले काही आठवडे त्या ठीक चालल्या. नंतर एक दिवस चार्जरवर लावलेली बॅटरी इतकी तापली, की खालचे प्लॅस्टिक मऊ पडले. सुदैवाने मी खोलीत होतो आणि ती वेळीच काढून बाहेर मोकळ्या जागेत ठेवता आली. उघडून पाहिल्यावर तापमान मोजणारा थर्मिस्टर जिथे सेलला चिकटलेला असायला हवा, तिथे नुसता एक ठरावीक रोधक जोडलेला आढळला, म्हणजे चार्जरला सेल नेहमी थंडच वाटत राहावेत अशी व्यवस्था. जे थोडे पैसे वाचले त्यांच्या बदल्यात घरातल्या माणसांचा जीव धोक्यात आला होता. त्यानंतर मी मूळ उत्पादकाची, अधिकृत विक्रेत्याकडून आणि बिलासह मिळालेली बॅटरीच वापरतो, आणि या एका बाबतीत मी कोणालाही काटकसर सुचवत नाही.

रंधा

पूर्ण सहमत. मी तर वापरलेली बॅटरीसुद्धा कधी घेत नाही. वापरलेले यंत्र जरूर घ्यावे. चक डुगडुगतो का, गिअर बदलताना खरखर होते का, मोटरमधून जळका वास येतो का, एवढे पाहिले की बरेच कळते. बॅटरीच्या आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

सोल्डर

रंधा, यात मी थोडा वेगळा विचार करतो. डोळ्यांना दिसत नसले तरी तपासता येते, फक्त विक्रेत्याने अर्धा-एक तास द्यायला हवा. बॅटरी त्याच्यासमोर पूर्ण भरून घ्यावी आणि थोडा वेळ तशीच ठेवून टोकांवरचा दाब मोजावा. पाच सेलांच्या बॅटरीत तो २० व्होल्टच्या बराच वर असला पाहिजे. मग ती ग्राइंडरला किंवा करवतीला लावून जड काम करून पाहावे. बॅटरीवरच्या, किती भरली आहे ते दाखवणाऱ्या चारपैकी तीन दिवे क्षणात विझले, किंवा यंत्र सुरू होताच बंद पडले, तर एखाद्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला आहे. उतरलेल्या अवस्थेतच विकायला ठेवलेल्या आणि १२ व्होल्टच्या खाली गेलेल्या पाच सेलांच्या बॅटरीकडे मात्र पाहूसुद्धा नये. फार खाली गेलेल्या सेलमधली तांब्याची पत्री विरघळू लागते आणि पुन्हा भरताना आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. दुसऱ्या बॅटरीला तारा जोडून अशा मेलेल्या बॅटरीला ‘जागे’ करण्याची युक्ती अनेक ठिकाणी सुचवली जाते. ती कृपया करू नये.

रंधा

तुमच्याकडे मल्टिमीटर आणि ती नजर आहे, म्हणून तुम्हाला जमते. माझ्यासारख्याने किंवा नवख्याने बॅटरी नवीच घ्यावी, या मतावर मी ठाम आहे. भर रस्त्यात उभे राहून कोणी अर्धा तास ग्राइंडर चालवू देत नाही.

सोल्डर

विक्रेता तपासू देत नसेल तर घेऊ नये, हे मलाही मान्य आहे.

हिशोबी

एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला लावणारे जोडतुकडे मिळतात. ते वापरून सवलतीतली नुसती यंत्रे गोळा करावीत का, असा प्रश्न मला काही जणांनी खासगी निरोपात विचारला आहे. सोल्डर, आपण सांगितलेत तर बरे होईल.

सोल्डर

नुसते धातूचे संपर्क जोडणारे तुकडे मला धोक्याचे वाटतात, आणि त्याचे कारण तांत्रिक आहे. दाब फार खाली गेला की प्रवाह तोडण्याचे काम काही प्रणालींत बॅटरीच्या आतले सर्किट करते, तर काही प्रणालींत यंत्र करते. पहिल्या प्रकारचे यंत्र आणि दुसऱ्या प्रकारची बॅटरी एकत्र आली, की ते काम कोणीच करत नाही आणि बॅटरी मरेपर्यंत उतरत राहते. तापमानाचा संदेशही वाटेत हरवतो. बॅटऱ्यांची देवाणघेवाण हवीच असेल तर उत्पादकांनी स्वतः ठरवून केलेल्या सामायिक प्रणाली पाहाव्यात. मेटाबोच्या पुढाकाराने २०१८ साली सुरू झालेली सीएएस आणि बॉशच्या व्यावसायिक १८ व्होल्ट बॅटरीवर उभी असलेली अँपशेअर या दोन प्रणालींत अनेक कंपन्यांची यंत्रे एकाच बॅटरीवर चालतात. एकाच कंपनीतही अशी सोय सापडते. डीवॉल्टची फ्लेक्सव्होल्ट बॅटरी ६० व्होल्टच्या यंत्रात ६० आणि २० व्होल्टच्या यंत्रात २० व्होल्ट देते. हायकोकीची मल्टीव्होल्ट बॅटरी ३६ आणि १८ व्होल्टमध्ये अशीच बदलते. मात्र साधी २० व्होल्ट बॅटरी ६० व्होल्टच्या यंत्राला चालत नाही, हे खरेदीच्या वेळी विसरू नये.

हिशोबी

आभारी आहे. प्रवासात दुसऱ्या देशातून यंत्र आणण्याचा विचार करणाऱ्यांसाठी तीन गोष्टी थोडक्यात लिहून ठेवतो. चार्जर १२० व्होल्टचा असेल तर तो २३० व्होल्टच्या सॉकेटला लावता येत नाही, आणि नवा चार्जर घेतला की वाचलेले पैसे त्यात जातात. हमी बहुधा विक्री झालेल्या प्रदेशापुरतीच असते. काही उत्पादक खरेदीनंतर ठरावीक मुदतीत नोंदणी केल्यास हमी वाढवून देतात, पण बॅटरीची हमी पुष्कळदा यंत्रापेक्षा कमी काळाची असते, ती वेगळी वाचावी. आणि विमानात सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात ठेवता येत नाही. ती हातातल्या सामानात न्यावी लागते आणि १०० वॅट-तासांच्या वर असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. ५ अँपिअर-तासांची १८ व्होल्ट बॅटरी ९० वॅट-तासांची असल्यामुळे मर्यादेत बसते, ६ अँपिअर-तासांची १०८ होते आणि बसत नाही.

नवखा_हात

सर्वांचे मनापासून आभार. ‘८८ व्होल्ट’चा तो संच शेजाऱ्यांनी घेतलेला होता असे कळले, म्हणून त्यांच्या परवानगीने बॅटरी वजनकाट्यावर ठेवली. वजन ३४० ग्रॅम भरले. मल्टिमीटरवर २०.६ व्होल्ट आले. म्हणजे आत पाच सेलांची एकच ओळ आहे, असाच अर्थ ना? मी आता १२ व्होल्टचे ब्रशलेस ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर यांचा मागच्या पिढीचा संच पाहिला आहे. त्यात २ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या आहेत आणि उत्पादनाची तारीख सात महिन्यांपूर्वीची आहे. भिंतीच्या भोकांसाठी रोटरी हॅमर भाड्याने घेईन. एकच शंका उरली आहे: चार्जर फक्त २ अँपिअरचा आहे. जलद चार्जर वेगळा घ्यावा का?

पटाशी (धागालेखक)

होय, पाच सेलांची एकच ओळ, असाच अर्थ आहे. शेजाऱ्यांना ती बॅटरी कोणी जवळ नसताना चार्जरवर ठेवू नका, एवढे जरूर सांगावे.

जलद चार्जर घेऊ नका. २ अँपिअर-तासांची बॅटरी २ अँपिअरच्या चार्जरवर साधारण तासाभरात, शेवटचा हळू भरण्याचा टप्पा धरून थोड्या जास्त वेळात भरते, आणि घरच्या कामात दुसरी बॅटरी तेवढ्या वेळात रिकामी होत नाही. हीच ५ अँपिअर-तासांची बॅटरी असती तर अडीच तासांच्या वर लागले असते आणि मग रोज काम करणाऱ्याने जलद चार्जरचा विचार करणे योग्य ठरले असते. बिलाचे छायाचित्र काढून ठेवा, हमीची नोंदणी पहिल्याच आठवड्यात करा, आणि काम संपल्यावर बॅटऱ्या यंत्रातून काढून अर्ध्या भरलेल्या अवस्थेत ठेवा.